सात नंबरची चिंधी

ये गं मंजू, अशी जवळ बस. नाशकाहून फोन करतेस तेव्हा तुझं अर्धं लक्ष त्या एसटीडीच्या मीटरवर असतं. मी काही सांगायला लागले की "काकू, ठेवते हां" म्हणून मोकळी होतेस. आज ठेवता येणार नाही. ही रविवारची पुरवणी तुझ्या घरी येते हे मला ठाऊक आहे, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव आणि काकू शेजारी येऊन बसलीय असं समज. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. रागाचे आहेत.

तुझ्या बाबांच्या शोकसभेत तू बोललीस. वाचणाऱ्यांना सांगते, मंजूचे बाबा म्हणजे माझे धाकटे दीर, वसंत. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. त्यांना जाऊन आता दोन महिने होत आले. तर मंजू, तू बोललीस चांगलं, आवाज कापला नाही, कागदही हातात नव्हता. पण शेवटी म्हणालीस, "बाबा काही देव नव्हते. त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली, पण ती त्यांनी चारचौघांत कबूल केली, म्हणून मला ते मोठे वाटतात." सगळ्यांनी माना हलवल्या. तुझ्या आधी भाऊजींच्या जुन्या विमान क्लबचे साहेब बोलले, तेही तेच म्हणाले, शिस्तीचा माणूस, एकदाच विसरला. मी तिसऱ्या रांगेतून उठले आणि बाहेर पाणी प्यायला गेले. तुला वाटलं, काकूला भरून आलं. भरून नव्हतं आलं गं. राग आला होता.

कारण ती चूक त्यांची नव्हती. कोणाची होती ते मला पक्कं माहीत आहे, कारण ती माझी होती. हे तुला एकटीला कानात सांगता आलं असतं. पण मग ते तुझ्यामाझ्यातच राहिलं असतं, आणि त्यांचं नाव मात्र क्लबच्या फळ्यावर लागलेलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं असं. म्हणून मीही चारचौघांतच सांगणार. चौथी शिकलेली बाई आहे मी, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा वाक्यं इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

ते गेले त्या सकाळी मी कळव्यात आमच्या खोलीत ब्लाउजला हुक लावत बसलेले. खालच्या औषधाच्या दुकानात फोन आला, दुकानवाला वर आला आणि दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "बोल बाबा, उभा काय राहिलास." तो म्हणाला, "ठाकुर्लीहून... तुमचे दीर." मोरीतला नळ गळत होता म्हणून वॉशर बदलायला बसले होते, छातीत दुखतंय म्हणाले, शेजारी रिक्षा बघून येईपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा बायका पाण्यासाठी कळशी घेऊन मोरीत निघालेल्या. नळाला लाल चिंधी बांधलेली होती. एकजण ती सोडायला लागली तशी मी ओरडले, "हात लावू नका त्या नळाला." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, बाईचं डोकं फिरलं म्हणून. दुपारपर्यंत शेजारून पाणी आणलं. मग तू आलीस नाशकाहून, रडून डोळे सुजलेले, आणि वैतागून म्हणालीस, "काकू, पुरे आता तुमचं आणि बाबांचं ते चिंधीपुराण," आणि ओढलीस चिंधी आणि फिरवला नळ. वॉशर काढलेला होता आतला. वरचं डोकंच निखळून हातात आलं, पाण्याचा झोत थेट छपराला. तू भिजलीस, मी भिजले, दारातले म्हातारे भिजले, आणि त्या घरात त्या दिवशी लोक हसले. तूही हसलीस, मी पाहिलं. मला मात्र हसू आलं नाही. ज्याने बांधली त्यानेच सोडायची, हा त्यांचा नियम. तो मोडला की काय होतं ते मी एकदा बघून बसलेय.

आता पहिल्यापासून सांगते. भाऊजींनी पंधरा वर्षं हवाई दलात विमानांची चाकं, ब्रेक, पाय असलं खालचं सगळं सांभाळलं. निवृत्त होऊन आले ते ठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. पण जीव त्यात नव्हता. मग ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांना कळलं की कल्याणच्या पलीकडे माळावर, युद्धाच्या वेळची जी जुनी धावपट्टी आहे, तिथे हौशी लोकांनी एक क्लब काढलाय आणि एक जुनं, दोन माणसांचं विमान कुठूनसं ट्रकवर घालून आणलंय. झालं. दर रविवारी डबा घेऊन तिकडे. पुढे कारखान्याची नोकरीही सोडली आणि क्लबचे पगारी मेकॅनिक झाले. तुझी आई तेव्हा होती, ती म्हणायची, "ह्यांनी दुसरं लग्न केलंय, सवत पत्र्याची आहे." भाऊजी म्हणायचे, "पत्र्याची कुठे, अर्धी कापडाची आहे."

आणि खरंच होती. त्या विमानाच्या शेपटीला आणि पंखांना कापड होतं, आत सांगाडा आणि वरून कापड ताणून शिवलेलं. क्लबने एक शिंपी आणला, त्याने पँटीला घालावी तशी शिवण घातली. भाऊजींनी ती सगळी उसवली आणि माझ्याकडे आले. तुझे काका जाऊन चार वर्षं झाली होती, मी शिवणावर घर चालवत होते. म्हणाले, "वहिनी, एक मोठं गिऱ्हाईक आहे. मापाला उभं राहतं, बोलत नाही, पण अंगावर टाका चुकला तर माणूस मारतं." मी गेले. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा, एका बाजूने मी, पलीकडून ते, आणि प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, एक तुटला तरी शेजारचा सुटू नये म्हणून. तीन महिने मी आठवड्यातून दोन दिवस जात होते. वर कापड ताठ करणारा एक रंग फासायचे, त्याच्या वासाने डोकं धरायचं. पण सांगते तुला, आयुष्यात कोणी माझ्या शिवणीकडे भिंग लावून पाहिलं असेल तर ते भाऊजींनी, आणि पाहून म्हणाले, "पास."

तिथेच त्या चिंध्या सुरू झाल्या. हवाई दलात म्हणे अर्धवट कामावर लाल फीत लावतात. क्लबात फीत कुठून येणार. माझ्याकडे ब्लाउजच्या लाल अस्तराचे तुकडे पडलेले असायचे, त्यातून मी बारा पट्ट्या कापल्या, कडा दुमडून शिवल्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या दोऱ्याने आकडा काढला, एक ते बारा. शेडच्या दाराशी एक खिळा होता, त्यावर त्या लटकायच्या. कुठलंही काम उघडं ठेवून गेलात तर तिथे चिंधी बांधायची. लाल दिसलं की कोणी हात लावायचा नाही. काम पुरं झालं की ज्याने बांधली त्यानेच सोडायची आणि खिळ्यावर आणून अडकवायची. संध्याकाळी शेड बंद करताना भाऊजी खिळ्यावरच्या मोजायचे. बारा भरल्या की कुलूप. हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं, साहेबांनाही. साहेब म्हणजे क्लबचे चिटणीस, तेच विमान चालवायचे. उडवायची परवानगी अजून यायची होती, तोवर पट्टीवर नुसतं पळवून बघायचं.

आणि पळवलं की त्याचं नाकाचं चाक नाचायचं. पुढच्या चाकाला ते लोक नोज व्हील म्हणतात, मी नाकाचं चाक. हळू चालवलं तर काही नाही. पण जरा वेग आला की दवाखान्यातल्या त्या ढकलखाटेचं एक चाक कसं डावंउजवं थडथडतं, तसं. पुढचा घड्याळं-काट्यांचा सगळा फळा हलायचा, साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. भाऊजी म्हणायचे, "सर्दी झालीये त्याला." साहेबांचं म्हणणं, डँपर गेला. डँपर म्हणजे तेलाची बोटभर नळी, चाकाला वळवळू न देणारी. भाऊजी म्हणाले, असेल, पण बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा हेका. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशाने झालं ते कळत नाही. आधी चाकातली हवा कमीजास्त करून पाहिली, पळवलं, वहीत लिहिलं. मग चाक काढून तोलून पाहिलं, जड बाजूच्या समोर शिशाचा तुकडा लावला, पळवलं, लिहिलं. मग डँपरचं तेल. साहेब कातावले, "वसंतराव, तुम्ही चाक दुरुस्त करताय की चाकाची पत्रिका मांडताय?" शेवटी त्यांनी नवा डँपर मागवला, तो यायला दोन महिने लागले, बसवला... आणि चाक पहिल्यापेक्षा जास्त नाचलं. भाऊजींनी ते वहीत लिहिलं फक्त.

त्या दिवशी मी शेपटीचं कापड बघायला गेलेले. शेपटीवर वाळूच्या गोण्या ठेवून त्यांनी नाक वर उचललेलं, चाक अधांतरी. मला म्हणाले, "वहिनी, इकडे या, तुमची बोटं नाजूक कामाची आहेत. हे धरा आणि डावं-उजवं हलवा. काही लागतं का?" मी हलवलं. "टक असं होतंय." "कुठे?" "कानाला नाही, बोटाला लागतंय. इथे, मागे." चाकाच्या दांड्यामागे दोन पाती असतात, मध्ये पिनेने जोडलेली, उघडझाप करणारी, चाक भलतीकडे वळू नये म्हणून. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "कात्री." मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाव तेच आहे, कात्रीच म्हणतात. मग मी म्हटलं, "मग भाऊजी, हिचा खिळा ढिला झालाय. माझ्या कात्रीचा झाला की अशीच ती कापड चावते. धार कितीही लावा, खिळा बदलल्याशिवाय नाही सुधारत." त्यांनी माझ्या पिशवीतली कात्री घेतली, कानाशी धरून दोनदा उघडमीट केली, आणि मग जमिनीवर बसून बराच वेळ नुसते हसत होते. पिन काढली तर झिजून मधे बारीक झालेली, आणि ती ज्यांत फिरते त्या आतल्या पितळी कड्यांची, बुशांची, गोल भोकं अंड्यासारखी लांबट. वहीत त्यांनी लिहिलं, "दोष सापडला. शोधला : वहिनी." ते पान मी पाहिलंय.

ठाण्याला त्यांच्या ओळखीचा एक लेथवाला होता. त्याला नमुना म्हणून जुनी पिन आणि बुश दिले. तो म्हणाला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी करून ठेवतो, दसऱ्याला पूजा केल्यावर मशीनला हात लावत नाही, पण येऊन घेऊन जा. इकडे क्लबातही दसऱ्याला पूजा ठरलेली, विमान शेडबाहेर आणायचं होतं. म्हणून भाऊजींनी कात्रीत तात्पुरता बोल्ट घातला, हाताने आवळलेला, मागे अडकवणीची तार नाही, काही नाही. माणसांनी ढकलत अंगणात आणण्यापुरता. आणि त्यावर बांधली सात नंबरची चिंधी. दसऱ्याच्या सकाळी मला म्हणाले, "मी दुपारपर्यंत बुश घेऊन येतो. पूजेचं तुम्ही बघा." आणि गेले.

विमान बाहेर आणलं. मी स्वतः नाकावरच्या पंख्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, आपट्याची पानं मांडली. पाहुणे आलेले, फोटोवाला आलेला. साहेबांच्या बाईसाहेब नवी साडी नेसून नाकापाशी उभ्या राहिल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "अगंबाई, ही काय चिंधी? फोटोत घाण दिसेल. काढा हो ती."

मी म्हटलं, "ती काढायची नसते."

"फोटोपुरती हो. विमान काय पळून जाणार आहे का? तिथे एक हार बांधा, शोभेल."

आणि मी काढली. ज्या हातांनी तिच्यावर सात काढला होता त्याच हातांनी सोडली आणि तिच्या जागी झेंडूची माळ बांधली. वाटलं, फोटो होऊ दे, लगेच बांधते परत. चिंधी कमरेला खोचली. मग कोणीतरी हाक मारली, नारळ फोडायचाय, प्रसादाला द्रोण कमी पडताहेत, आणि मी शेडमागे गेले. काय सांगू तुला... नारळ खवत होते गं मी. तेवढ्यात इंजिनाचा आवाज.

साहेबांना कोणीतरी चढवलं होतं, की दसऱ्याला सीमोल्लंघन करतात, मग विमानाचंही होऊ दे, पट्टीच्या त्या टोकाला जाऊन या. साहेबांनी भोवती फेरी मारली, लाल कुठे दिसतंय का पाहिलं. दिसलं नाही. बसले आणि निघाले. मी खवणी टाकून धावले, हात वर करून, कमरेची चिंधी काढून हलवत. त्यांना मागचं काय दिसणार. पट्टीच्या मध्यावर बोल्ट गळाला, चाक आडवं झालं, पाय मोडला, आणि ते नाकावर बसलं. पंख्याची लाकडी पाती फुटून इतक्या उंच उडाली. साहेबांचं मनगट मोडलं. जीव वाचला सगळ्यांचा, एवढंच.

भाऊजी पोचले तेव्हा अर्धा तास झालेला. हातरुमालात दोन पिवळेधमक बुश. त्यांनी विमानाकडे पाहिलं, मग मोडलेल्या पायाला बांधलेल्या माझ्या झेंडूच्या माळेकडे पाहिलं. शेडमध्ये सगळे जमलेले. साहेब हात झोळीत घालून, दुखण्याने पांढरे पडलेले, विचारते झाले, "वसंतराव, चिंधी का नव्हती?" मी पुढे सरकले, तोंड उघडलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. धावून धावून माझा पदर सुटलेला, कमरेला परत खोचलेल्या चिंधीचं लाल टोक बाहेर आलेलं, ते त्यांनी पाहिलं. आणि म्हणाले, "बांधली नाही साहेब. विसरलो."

बाईसाहेब तिथेच उभ्या होत्या. हातात प्रसादाचा द्रोण. त्यांनी खाली बघितलं. परवा शोकसभेतही पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेल्या, आणि साहेब "एकदाच विसरला" म्हणाले तेव्हाही तश्शाच खाली बघत होत्या. म्हणून लिहिते. साहेबांवरही राग आहे माझा. लाल नव्हतं हे खरं, पण ज्या माणसाने कात्री उघडली तोच अंगणात नव्हता, हे नाही दिसलं तुम्हाला? एवढी घाई कसली होती सीमा ओलांडायची? आणि सगळ्यात जास्त राग ह्याचा की पंधरा माणसं त्या शेडमध्ये उभी होती, दाराशी खिळा होता, आणि एकानेही वळून चिंध्या मोजल्या नाहीत. भाऊजी बांधायला विसरले असते तर खिळ्यावर बारा असत्या. अकरा होत्या. मी मोजल्या. मी एकटीने मोजल्या आणि गप्प राहिले.

परत येताना वाटेभर मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? माझी चूक, मला विचारल्याशिवाय उचलून घेतलीत?" ते म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव तिथे कुठल्याच कागदावर नाही. मी तुम्हाला आणलं. तुम्ही बोलला असतात तर त्यांनी विमानाचं पाहिलंच नसतं, बाई शेडमध्ये कशाला, एवढंच सगळीकडे झालं असतं. आणि नुसती चिंधी बांधून मी निघून गेलो, तोंडाने कोणाला बजावलं नाही, हे माझं चुकलंच ना?" मी म्हटलं, "ते काही नाही, उद्या जाऊन सांगते मी." तर थांबले रस्त्यात. म्हणाले, "आता सांगितलंत तर मी खोटा ठरेन. चुकलेला माणूस चालतो हो, खोटं बोललेल्याला कोणी चाकाजवळ उभं करत नाही."

ह्या एका वाक्याने त्यांनी माझं तोंड शिवलं, नऊ वर्षं. आणि खरं सांगू? मला ते सोयीचंही झालं. मी रोज म्हणायचे, त्यांनी शपथ घातल्यासारखंच आहे, काय करणार. घाबरले होते मी, दुसरं काही नाही. कळव्यात माझी गिऱ्हाइकं होती, विमान पाडलेली बाई म्हणून मला कोण कापड देणार, असं वाटायचं. तेव्हा माझा सगळा राग काही लोकांवर नाही. बराचसा घरातलाच, माझा माझ्यावरच आहे.

क्लबने फळ्यावर कागद लावला, त्यांचं नाव आणि पुढे "निष्काळजीपणा". ते परत गेले नाहीत. साहेबांनी दुसरा कोणी आणला, त्याला नाकाचा पाय जमला नाही, विमान तोंडाखाली पिंप ठेवून ताडपत्रीत दोन पावसाळे उभं राहिलं आणि एक दिवस ट्रकवर घालून नेलं. माझी शिवण घेऊन गेलं. ते दोन बुश त्यांनी घरी आणले. तू त्यांच्याशी खेळलीस मंजू, बाहुलीच्या बांगड्या म्हणून. आठवतंय? तू अकरा वर्षांची, मोठी झालेली, तरी बाहुलीला घालायचीस. आणि एक दिवस, मी तिथे बसलेले, तू विचारलंस, "बाबा, तुम्ही खरंच विसरलात?" ते म्हणाले, "हो गं." तेव्हापासून तू त्यांच्या मागे लागलीस. बाबा, किल्ली घेतली का. बाबा, गॅस बंद केला का. बाबा, पास आहे ना खिशात. सगळ्यांसमोर. आई गेल्यावर तर जास्तच. आणि ज्या माणसाला बारा चिंध्या कुठेकुठे बांधल्यात ते झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, तो माणूस दर वेळी खिसा चाचपून म्हणायचा, "आहे बाळा. बरं झालं आठवण केलीस." मी ऐकायचे आणि टाके घालत राहायचे. तुझा दोष नाही. पण तुला हे कळायला हवं की तू ज्याला सांभाळत होतीस तो विसराळू नव्हताच.

ते जायच्या तीन आठवडे आधी माझ्याकडे आलेले. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा सरकतो आणि चाक डगमगतं म्हणून मीच बोलावलेलं. खाली बसले, चाक धरून डावंउजवं हलवलं, म्हणाले, "हिलाही सर्दी." मी चहा टाकायला आत गेले. त्यांना पेचकस हवा होता, मशीनचा खण उघडला. त्या खणात, बॉबिनच्या खाली, मी ती सात नंबरची चिंधी ठेवलेली. टाकवतही नव्हती, दाखवतही नव्हती. मी चहा घेऊन आले तर ती त्यांच्या हातात. पांढऱ्या सातावर अंगठा फिरवत होते. मला वाटलं, आता बोलतील. मी बोलायला हवं होतं. चहा निवला. मग त्यांनी वाकून ती चिंधी मशीनच्या चाकाला बांधली, दोन गाठी मारून, आणि उठताना म्हणाले, "पट्टा नवा लागेल. पुढच्या खेपेला आणतो. तोवर चालवू नका, वहिनी."

पुढची खेप आली नाही. मशीन तशीच आहे, चाकाला लाल. मी हातशिलाईवर भागवते, गिऱ्हाइकं कुरकुरतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, पट्टा कुठेही मिळतो, मी आणून देते, सोडा ती चिंधी. मी नाही म्हटलं. एकदा सोडलीय मी ती.

तू ये मंजू. दिवाळीची वाट बघू नको, पुढच्याच रविवारी ये. कळवा स्टेशनाबाहेर सामानाचं दुकान आहे, तिथे मशीनचा पट्टा मागून घे. त्यांची वही तुझ्याकडे आहे, ती आण, ते "वहिनी" लिहिलेलं पान मला परत एकदा बघायचंय, आणि त्याखाली मला माझ्या हाताने खरं काय झालं ते लिहायचंय. बाहुलीच्या बांगड्या सापडल्या तर त्याही आण. आधी पट्टा बसव, चाक फिरवून बघ, हलतं का पाहा. घाई करू नको, नळाचं लक्षात आहे ना. आणि मग ती सातवी चिंधी तू सोड. ज्याने बांधली तो नाही, पण त्याची तू आहेस. मी चहा करून ठेवीन, आणि मशीनला हात लावणार नाही.